पाटीचं बिल

लिफाफा पांढरा होता, खिडकीवाला.
खिडकीत माझं नाव, वेलांटीसकट बरोबर.
आधी तेच पाहिलं मी, धंद्याची खोड.
मग आतलं वाचलं :
व्यवसाय कर. तीन वर्षं.
विवरणपत्र नाही, भरणा नाही,
खुलासा पंधरा दिवसांत.

सव्वीस वर्षं चरईत बसून लोकांची नावं कोरतोय
पितळेवर, ॲक्रिलिकवर, काळ्या ग्रॅनाइटवर,
डॉक्टर, वकील, 'कुत्र्यापासून सावध राहा'.
आणि वागळे इस्टेटच्या कुठल्याशा यादीत
मी थकबाकीदार म्हणून केव्हाचा कोरलेला.

झेरॉक्सवाला भिडे म्हणाला,
एक जण आहे, ऑफिसच्या फाटकाशी असतो,
स्कूटरच्या डिकीत सगळे फॉर्म. पाचशेत काम.
मेहुणा म्हणाला, घोडबंदरला मोठी फर्म आहे,
काचेची केबिन, बसल्याबसल्या कॉफी.
त्या कॉफीचे पैसे कोण देतं
एवढा हिशेब मला येतो.

शेवटी राम मारुती रोडच्या मागं, डेअरीच्या वर,
दोन जिने चढून : मृण्मयी टिपणीस.
आडनावातच टिपण. बरं वाटलं.
दाराला पाटी मात्र नव्हती,
चिकटवलेला कागद, त्यातला ण उन्हानं उडालेला.

मी पिशवी टेबलावर उपडी केली.
पावत्या, चलनं, रईसच्या उचलीची वही.
"ही गुलाबी कसली?"
"ती लाँड्रीची."
तिनं ती घडी करून बाजूला ठेवली,
फेकली नाही.

मग कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर
माझ्या डोळ्यांसमोर आकडे मांडले :
नोंदणी दीड हजार,
मागची विवरणपत्रं, वर्षाला अठराशे,
नोटिशीचं उत्तर तीन हजार,
साहेबांपुढे उभं राहायचं तर खेपेला दीड हजार, एक खेप धरली.
अकरा हजार चारशे.
"ही माझी फी. कर आणि विलंब शुल्क वेगळं, ते सरकारचं."

मी आवाज उतरवला. "आणि मॅडम... वरचे?"
"वर गच्ची आहे," ती म्हणाली.

रईसचे दरमहा दोनशे कापायचे होते,
फेब्रुवारीत तीनशे.
महिना सगळ्यात आखूड, आणि त्यालाच जास्त कात्री!
वनिताचे नाहीत, तिच्या पगाराला बाई म्हणून माफी.
सगळं असं साधं होतं
आणि मी तीन वर्षं त्याच्यावर ड्रॉवर लावून बसलेलो.

अकरा हजार चारशे. माझ्या भाषेत
पितळेच्या पाच पाट्या आणि सहाव्याचा मथळा.
म्हटलं, "दाराची पाटी मी करतो. पितळेची.
फीतून वळती करा.
ना तुमचं बिल, ना माझं."

तिचं पेन पहिल्यांदा थांबलं.
"अदलाबदलीचाही हिशेब असतो, काका.
पाटी करा. बिल द्या.
मी माझं देते. तुम्ही मला पूर्ण द्या, मी तुम्हाला पूर्ण देते."

उतरताना जिन्यात हसू आलं, मग राग आला,
मग तलावपाळीला भेळ घेतली
आणि भेळवाल्याकडे, उगाचच, पावती मागितली.
तो माझ्याकडे बघतच राहिला.

रात्री नवं बिलबुक फोडलं. क्रमांक एक.
नामफलक, पितळ, नऊ बाय चार, एक नग.
रुपये एकवीसशे फक्त.
'फक्त' लिहिताना दोनदा थांबलो.

अक्षरं मशीननं उतरवली.
ण आला तेव्हा मशीन बंद केलं,
टाकी घेतली, हातानं कोरला,
बापानं शिकवला होता तसा, दांडीला जरा पोट देऊन.
त्याला पाऊण तास लागला.
तो पाऊण तास बिलात नाही.
कुठल्या रकान्यात टाकायचा
हे मॅडमना विचारलं नाही,
त्याचीही फी लागायची.